ठोकळ्यावरची छिद्रं

स्टॉकपोर्टला मिळालेला टोपीचा जुना लाकडी ठोकळा सध्या घासतो आहे. काळपट पुटं निघाली, पण कडेची बारीक छिद्रं बुजवायला हात धजत नाही. वाफेनं मऊ केलेलं फेल्ट यावर ताणायचं, दोरीनं आवळायचं, टाचण्या मारून सुकू द्यायचं. प्रत्येक छिद्रामागे कुणाचा तरी अंगठा आहे. स्टॉकपोर्ट म्हणजे एकेकाळी टोप्यांचंच गाव. फेल्टसाठी सशाच्या केसांवर पूर्वी पाऱ्याचं द्रावण चोळत. त्याच्या वाफांनी कारागिरांचे हात थरथरू लागत. तसल्याच थरथरत्या हातांनी या टाचण्या मारल्या असतील का? जवसाचं तेल मुरवताना मन तिथंच घुटमळतं. तळाला एक चीर आहे. नवं लाकूड विजोड दिसेल. तेवढ्यासाठी जुनीच फळी शोधायला हवी.