आपल्या पिढीचा जायंट रोबोट

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जे प्राथमिक शाळेत होते, त्यांना ‘जायंट रोबोट’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. हात आपोआप वर येतो आणि तोंड मनगटाजवळ जातं. दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांचं दार त्या अर्ध्या तासापुरतं सगळ्या चाळीला, सगळ्या वाड्याला उघडं असायचं. काकू पोरांसाठी पुढे सतरंजी घालायच्या. टीव्हीचं लाकडी शटर सरकवण्याचा मान घरच्या धाकट्याचा. कुणीतरी दादा गच्चीवर अँटेना फिरवत उभा असायचा आणि खालून ओरडा चालू असायचा, ‘आलं, आलं... गेलं! परत मुंग्या आल्या!’

ती मालिका जपानची, हे आपल्याला फार उशिरा कळलं. मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरून तोएई कंपनीने ती काढली. ऑक्टोबर 1967 ते एप्रिल 1968 या काळात तिचे 26 भाग जपानी टीव्हीवर झाले. अमेरिकेत तिला इंग्रजी आवाज दिले गेले, तिथे नायक असलेल्या मुलाचं नाव दाइसाकूचं जॉनी सोको झालं आणि तोच जॉनी आपल्यापर्यंत पोचला. 1970 साली त्याच मालिकेतले काही भाग जोडून अमेरिकी टीव्हीसाठी एक सलग चित्रपटही तयार झाला, ‘व्हॉयेज इन्टू स्पेस’. नवं चित्रीकरण न करता, हाताशी असलेल्या तुकड्यांतून बांधलेली ती परग्रहवासीयांच्या स्वारीची गोष्ट होती. समुद्रापलीकडच्या मुलांनीही आपलाच रोबोट पाहिला होता, हे कळलं तेव्हा एखादा दूरचा आतेभाऊ सापडल्यासारखं वाटलं.

गोष्ट आठवते ना? अंतराळातून आलेला सम्राट गिलोटिन आपलं यान समुद्राच्या तळाशी लपवतो आणि गार्गॉइल टोळीकरवी पृथ्वी जिंकू पाहतो. एका बेटावरच्या अड्ड्यात, पकडून आणलेल्या शास्त्रज्ञाकडून तो एक प्रचंड रोबोट बनवून घेतो. जहाज बुडाल्यामुळे जॉनी आणि युनिकॉर्न या संघटनेचा जेरी त्या बेटावर पोचतात. शास्त्रज्ञ घड्याळासारखं यंत्र जॉनीच्या हाती देतो. त्यात ज्याचा आवाज पहिल्यांदा जाईल, त्याचंच रोबोट ऐकणार. अड्डा उडवण्यासाठी त्या शास्त्रज्ञानेच लावलेला अणुबाँब फुटतो, त्या ऊर्जेने रोबोट जागा होतो आणि एका शाळकरी मुलाचा शब्द मानू लागतो. मुलाला युनिकॉर्नमध्ये घेतात, यू-7 म्हणून.

इंग्रजी आपल्यातल्या फारच थोड्यांना कळत होतं, तरी गोष्ट कळत होती. ज्यांच्या घरी आजी होती त्यांना तर ती आधीपासून ठाऊक होती. समुद्रात दडून रात्री बाहेर येणारे कालेय असुर आणि समुद्र पिऊन त्यांना उघडे पाडणारे अगस्ती, ही कथा ऐकलेल्या घराला गिलोटिनची ओळख वेगळी करून द्यावी लागत नव्हती. ‘तो राक्षस पुन्हा आला का रे?’ असं आजी विचारायची आणि आपण मोठ्या जबाबदारीने तिला मागचा भाग सांगायचो.

मालिकेला पैसा बेताचाच होता. रबरी पोशाखांतली माणसं राक्षस व्हायची, छोट्या प्रतिकृतींची शहरं कोसळायची. शेवटच्या भागांत तर आधी मारलेलेच राक्षस पुन्हा जिवंत करून आणले. रोबोटचा चेहरा इजिप्तच्या फॅरोसारखा आणि कायम स्थिर, त्यावर ना हसू ना राग. पण याच स्थिर चेहऱ्यात प्रत्येक मूल आपल्या मनातलं पाहत असे. शिवाय बोटांतून क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या त्या एवढ्या मोठ्या यंत्राला हुकूम देणारा कोण, तर आपल्याच वयाचा, अर्ध्या चड्डीतला मुलगा. घरात ज्या वयाला ‘मध्ये बोलू नकोस’ असं ऐकावं लागतं, त्याच वयाच्या मुलावर त्या गोष्टीने जगाची जबाबदारी टाकली होती. मित्सुनोबु कानेको या बालकलाकाराने ती इतक्या गांभीर्याने पेलली की आपल्यालाही ती खरी वाटली. मनगटावर निळ्या शाईने काढलेली आपली घड्याळं म्हणूनच खोटी नव्हती.

आणि मग शेवटचा भाग. गिलोटिन स्वतःच अवाढव्य होतो. त्याच्या अंगात इतकी अणुशक्ती भरलेली असते की त्याच्यावर गोळी झाडली तरी पृथ्वीच नष्ट होईल. आजवर केवळ हुकूम पाळणारा रोबोट तेव्हा कुणाच्याही हुकमाविना पुढे होतो, गिलोटिनला मिठीत घेतो आणि आकाशात झेपावतो. जॉनी ‘परत ये’ म्हणून जिवाच्या आकांताने हाका मारतो. रोबोट त्याचा शब्द पहिल्यांदाच मोडतो आणि गिलोटिनला घेऊन अंतराळातल्या उल्केवर आदळतो.

त्या संध्याकाळी कित्येक घरांत पोरं रडली. मोठ्यांनी समजूत घातली, ‘अरे, ते यंत्र होतं.’ पण आपल्याला जे दिसलं होतं ते बरोबर होतं. कुणी सांगितलं म्हणून केलेलं काम आणि मनाने उचललेलं काम यांतला फरक आपल्या पिढीला आधी त्या पडद्यावर दिसला, पुस्तकात तो नंतर भेटला. दुसऱ्यासाठी स्वतःला संपवणं म्हणजे काय, हेही तिथेच समजलं. ती समज महागड्या दृश्यांतून आली नाही. ती सरळ, निष्ठेने सांगितलेल्या गोष्टीतून आली, आणि ती पाहताना आपल्या शेजारी अख्खं घर, अर्धी चाळ बसलेली होती म्हणून मनात टिकली.

म्हणून एक सांगणं आहे. घरातल्या मुलांना ही मालिका दाखवा, पण गंमत म्हणून दोन तुकडे नकोत. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत दाखवा, मोबाइल बाजूला ठेवून, शेजारच्या मुलांनाही बोलावून. आणि रबरी राक्षस पाहून ती हसली, तर हसू द्या. शेवटच्या भागापर्यंत त्यांच्याजवळ बसा, एवढंच.