रायपूरच्या बाजारात पहिला ड्रॉइंग टॅब्लेट

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडते, डोंगरगडची टेकडी मागे पडते आणि राजनांदगाव, दुर्ग करीत रायपूर येते. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. स्टेशनाबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी ऐकू येते. पण तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाकडे वळले, की मराठी कानावर पडते. पारा म्हणजे इकडचा मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर १८५४ पर्यंत होता, तेव्हापासूनचा हा शेजार.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. पूर्वी येथल्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा हुशार निघाला, की इंजिनिअरिंग, मग भिलाईचा पोलाद कारखाना, असा सरळ रस्ता असे. आता दहावी-बारावीची मुलगी म्हणते, ‘‘बाबा, मला ग्राफिक डिझाइन करायचंय.’’ बाबा कसेबसे तयार होतात, तोच दुसरी मागणी येते : ड्रॉइंग टॅब्लेट! घरात याविषयी कुणालाच काही ठाऊक नसते. मग एक तर सर्वांत महाग वस्तू आणली जाते, नाही तर सर्वांत स्वस्त. दोन आठवड्यांत रेघ वाकडी येऊ लागली, की दोष वस्तूला नव्हे, मुलीच्या हाताला दिला जातो. ‘‘तुला जमणारच नाही’’ हे वाक्य घरात उच्चारले गेले, तर ते टॅब्लेटच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडते.

मुळात खरेदीची घाई करू नये. डिझाइनच्या पदवीसाठी २०१५ पासून मुंबईची आयआयटी ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा घेते. तिच्यात चित्र काढायचे असते ते कागदावर, हाताने. तेथे टॅब्लेटचा काडीचा उपयोग नाही. प्रवेश मिळेपर्यंत पेन्सिल आणि वही पुरेशी आहे.

‘ग्राफिक’ या शब्दाचा घोळही आधीच मिटवावा. राजनांदगावपासून चाळीसेक किलोमीटरवर खैरागड आहे. तेथल्या राजा-राणीने आपली दिवंगत कन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. संगीताबरोबर चित्रकला, शिल्पकला शिकवणारे हे विद्यापीठ पाहण्यासाठी रायपूरहून एक दिवस जरूर काढावा. मात्र तेथल्या दृश्यकलेत ‘ग्राफिक्स’ म्हणजे लाकडावर, धातूच्या पत्र्यावर कोरून शाईने घेतलेली छापचित्रे. संगणकावरचे ग्राफिक डिझाइन वेगळे. पालकांनी माहितीपत्रक वाचताना याची जाण ठेवावी.

आता बाजार. जयस्तंभ चौकाजवळचे रवि भवन मोबाइल दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. गर्दी अशी, की खांद्याला खांदा लागावा. येथे नुसते ‘टॅब्लेट दाखवा’ म्हटले, तर मोठ्या मोबाइलसारखी वस्तू पुढे येईल. ‘कॉम्प्युटरला जोडून चित्र काढायचा, पेनवाला’ असे सांगावे. तो न मिळाल्यास संगणकाच्या दुकानात विचारावे, घरपोच मागवता येतोच. पण शक्य असेल तर एकदा हाताखाली घेऊन पाहावा.

ही वस्तू दिसायला काळ्या पाटीसारखी. पाटीच्या आत तारांची बारीक जाळी असते. तिच्यातून निघणाऱ्या चुंबकीय लहरींना पेनातले वेटोळे प्रतिसाद देते, म्हणून अशा पेनाला बॅटरी लागत नाही. पेन टेकण्याआधी किंचित वर धरले तरी पडद्यावरचा बाण हलतो. पाटीचा प्रत्येक कोपरा पडद्याच्या त्या-त्या कोपऱ्याशी बांधलेला असतो. म्हणजे हात खाली, नजर समोर! याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. रेघ वाकडी येते ती त्यामुळे. शिवणयंत्रावर पाय आणि हात जुळायला जसे दिवस लागतात, तसेच हे.

पडद्यावरच थेट चित्र काढता येणारा टॅब्लेटही मिळतो. सोय मोठी, पण किंमत वीस हजारांच्या आसपास सुरू होऊन वर कितीही जाते. पहिल्या वर्षाला तो नको. वॅकॉम या जपानी किंवा ह्यूऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्यांची बिनपडद्याची पाटी साधारण तीन ते सात हजारांत येते आणि पुरते. डब्यावर ८१९२ दाबपातळ्या असे ठळक छापलेले असते; २०४८ असल्या तरी नवशिक्या हाताला फरक कळत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आकाराकडे मात्र नीट पाहावे. सहा बाय चार इंचांची पाटी दप्तरात मावते, मनगटाने काढायच्या बारीक कामाला ठीक. पण ज्याला अक्षरलेखनाची आवड आहे, त्याने दहा बाय सहाची घ्यावी. देवनागरीची लांब शिरोरेषा एका दमात ओढायची, तर हात कोपरापासून फिरावा लागतो. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टाइप घडवणारे र. कृ. जोशी मुळात हाताने अक्षरे काढणारे सुलेखनकार होते, हे येथे आठवावे. उलट पानांची मांडणी, बोधचिन्हांचे काम माउसवरही उत्तम होते. तेवढेच करायचे असेल, तर टॅब्लेट आणखी वर्षभर थांबू शकतो.

घरात लॅपटॉप नसल्यास अँड्रॉइड मोबाइलला जोडता येणारी पाटी आहे का, ते विचारावे. डावखुऱ्यांनी पाटी उलटी फिरवून वापरता येते ना, हे पाहावे. बिल पक्के घ्यावे, जादा निबा मागाव्यात, आणि पेन हरवल्यास सुटा मिळेल का, याची खात्री करावी. चित्रासाठी ‘क्रिता’ आणि ‘इंकस्केप’ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

सरावाला रायपुरात विषयांची वाण नाही. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या नावाचे १८७५ चे संग्रहालय गावातच आहे. सिरपूरची कांस्यशिल्पे तेथे पाहायला मिळतात. नवा रायपूरच्या पुरखौती मुक्तांगणात बस्तरची लोककला आहे. संध्याकाळी बूढा तालाबाच्या काठी, पाण्यातल्या विवेकानंदांच्या पुतळ्यासमोर बसून वहीत रेखाटन करावे आणि रात्री तेच पाटीवर पुन्हा काढावे. पहिला महिना रंगांच्या वाटेला न जाता नुसत्या रेघा, वर्तुळे आणि क, ख, ग.