हे इथे कसं आलं?

संग्रहालयातल्या कोणत्याही वस्तूला दोन प्रश्न विचारता येतात. ही काय आहे, आणि ही इथे कशी आली? पहिल्याचं उत्तर पाटीवर असतं. दुसऱ्याचं असतं नोंदवहीत, आणि नोंदवही असते कपाटात. संग्रहालयशास्त्र शिकवता शिकवता माझी खात्री होत गेली आहे की पाहणाऱ्याला खिळवून ठेवणारी गोष्ट बहुतेक वेळा या दुसऱ्या उत्तरातच असते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नागपुराहून कोकणात निघालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हमखास सांगते : गणपतीपुळ्याला जा, भाट्याच्या किनाऱ्यावर जा, पण रत्नागिरीचा थिबा राजवाडा चुकवू नका. तिथे दुसरा प्रश्न टाळताच येत नाही.

टेकडीच्या कडेवर लाल जांभ्याची ही इमारत उभी आहे. अर्धवर्तुळाकार छपरं, नक्षीदार लाकूडकाम, खिडक्यांना रंगीत काचा. जवळच्या थिबा पॉइंटवर उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे अरबी समुद्र दिसतो. आज राजवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. पण खरा प्रेक्षणीय ऐवज म्हणजे ही वास्तूच. ब्रह्मदेशच्या राजाचं घर कोकणात कशाला, असं लहान मूलही विचारतं.

उत्तर शोधायला लागलो की आपण थेट मुंबईच्या व्यापारी पेढ्यांपर्यंत जातो. १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातलं सागवान तोडून विकत असे. कंपनी ओंडके कमी दाखवून राजाचं देणं बुडवते, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांचं तिथलं वाढतं वजन इंग्रजांना आधीच खुपत होतं; त्यांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीतून वर सरकल्या आणि महिनाअखेर मंडाले पडलं. कोनबाऊंग घराण्याचा शेवटचा राजा थिबा तेव्हा अवघ्या सव्वीस वर्षांचा होता. त्याला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला नेलं. रेल्वे नाही, मध्ये सह्याद्री, पावसाळ्यात बोटी बंद. नजरकैदेसाठी सरकारला असंच आडबाजूचं गाव हवं होतं. त्याचा देश पूर्वेला होता, आणि त्याच्या वाट्याला समुद्र आला तो पश्चिमेचा.

पुढची चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांत राहिला. सरकारी तनखा पुरत नसे, तेव्हा जवळची माणकं आणि दागिने विकून खर्च भागवावा लागे. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला.

आता याच शहरातलं दुसरं घर पाहू. टिळक आळीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आहे, तेही स्मारक म्हणून जपलेलं. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं मंडालेला. तिथला तुरुंग होता थिबाच्याच किल्ल्याच्या तटबंदीत. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीत जन्मलेला पुढारी मंडालेत. १९१० च्या अखेरीस थिबा नव्या राजवाड्यात राहायला गेला. त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या कोठडीत ‘गीतारहस्य’ लिहीत होते. ही दोन्ही घरं एकाच शहरात आहेत, रिक्षाने एका दुपारी दोन्ही पाहून होतात. पण दोन्हींना जोडणारी गोष्ट पाहणाऱ्याच्या हाती कुणी तरी द्यावी लागते. संग्रहालयाचं काम ते हेच, असं मी मानते.

राजवाड्याच्या इतिहासातला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग कुठल्याच काचेच्या कपाटात मावणारा नाही. राजाच्या चार मुलींपैकी धाकटी रत्नागिरीतच जन्मली. थोरलीचं मन राजाच्या पदरच्याच एका मराठी नोकरावर जडलं आणि तिला मुलगी झाली. मंडालेच्या सिंहासनावर बसलेल्या राजाची ही नात रत्नागिरीत वाढली, इथेच तिने संसार केला, मुलंबाळं वाढवली आणि आयुष्यभर मराठी बोलत हातातोंडाची गाठ घालत जगली. स्थानिक इतिहास म्हणजे फक्त इथल्या मूळच्या लोकांचा इतिहास, असं ज्यांना वाटतं त्यांनी या बाईंचा विचार करावा. त्या ब्रह्मदेशच्या राजघराण्यातल्या, तितक्याच रत्नागिरीच्या.

राजाची आणि त्याच्या धाकट्या राणीची समाधी शिवाजीनगरात आहे. देह मायदेशी नेता यावेत अशी कुटुंबाची इच्छा होती, म्हणून दफन लांबलं. परवानगी मिळालीच नाही आणि १९१९ मध्ये ते रत्नागिरीतच झालं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन नतमस्तक झाले. राजा परतला नाही, वस्तू मात्र काही परतल्या. लुटीत गेलेलं सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात होतं, ते १९४८ मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळालं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली राजचिन्हं १९६४ मध्ये परत गेली.

या परतीच्या गोष्टी आम्हा नागपूरकरांना परक्या नाहीत. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारसाविना वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढलं. हत्ती, घोडे, सामानसुमान, सगळंच विकायला निघालं. एवढं वैभव नागपुरात होतं तर ते नागपूरच्या संग्रहालयात का दिसत नाही, असं लोक मला विचारतात. त्याचं उत्तर या लिलावात आहे. जे नाही तेही कुठे गेलं, हे सांगणारी एक पाटी संग्रहालयात असायला हवी.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात पहिल्या रघूजींच्या नावाची एक तलवार आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. पातं युरोपीय बनावटीचं, मुठीकडे सोन्याचं काम आणि पात्यावर देवनागरीत रघूजींचं नाव. म्हणजे पातं युरोपातून इथे आलं, इथे त्यावर नाव चढलं, मग ती इंग्लंडला गेली आणि आता परत आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर किंवा राज्य खालसा झाल्यावर ती बाहेर गेली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या तलवारीच्या पाटीवर फक्त ‘तलवार, अठरावं शतक’ एवढंच लिहिलं तर अर्ध्याहून अधिक इतिहास पुसला जाईल.

आमचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सगळ्या शहराचा अजब बंगला, १८६३ मध्ये सुरू झालं. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा त्यात पुढाकार होता. त्याच सप्टेंबरमध्ये नागपूरचे मिशनरी आणि भूगर्भ-अभ्यासक स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. विदर्भातले जीवाश्म, खडक, गोंडांच्या कथा, असं सगळं जमवणारा हा माणूस. संग्रहालयाच्या जन्मवर्षावर त्यांच्या मृत्यूची सावली आहे. ताडोबा-नवेगाव बघायला येणारी मुलं इथे येऊन पेंढा भरलेले प्राणी बघतात आणि जातात. हिस्लॉपची गोष्ट त्यांना कुणी सांगितली तर ती प्राचीन अवशेषांच्या दालनातही रेंगाळतील.

तिथेच गुंगेरियाचा ठेवा आहे. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत धातू दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ आणि चांदीच्या १०२ वस्तू निघाल्या. तांब्याच्या जाड, पसरट कुऱ्हाडी नुसत्या पाहूनही त्यांचं वजन कळतं. चांदीचे पत्रे मात्र अगदी पातळ, काही गोल, काही बैलाच्या मुखवट्याच्या आकाराचे. अशा वस्तूच्या मागच्या बाजूला, सहसा नजर जाणार नाही अशा जागी, बारीक अक्षरात नोंद क्रमांक घातलेला असतो. आधी लाखेचा पातळ थर, त्यावर आकडा, म्हणजे गरज पडली तर वस्तूला धक्का न लावता तो पुसता येतो. विद्यार्थ्यांना मी आधी हा आकडा दाखवते. तो नोंदवहीत शोधला की गाव, साल, देणाऱ्याचं नाव, सगळं हाती लागतं. ठेव्याची वाटणी झाली, काही भाग लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, आणि सापडल्याचं गाव आज मध्य प्रदेशात आहे. मध्य प्रांत राहिला नाही. त्याची आठवण अजब बंगल्याने सांभाळली आहे.

आणि नागपूरला समुद्र नाही, असं म्हणताना जरा थांबावं. १७५१ मध्ये बंगालच्या अलीवर्दीखानाशी तह झाल्यावर ओडिशा भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत त्यांच्याकडेच राहिला. बालासोरपासून पुरीपर्यंतचा किनारा पन्नास वर्षं नागपूरच्या राज्यात होता, जगन्नाथ मंदिराची व्यवस्थाही. पुरीला सिंहद्वारासमोर उभा असलेला अरुणस्तंभ मूळचा कोणार्कचा. तो मराठ्यांच्या काळात तिथून हलवून पुरीला उभारला गेला. विदर्भातून दरवर्षी कितीतरी लोक पुरीला जातात, त्या खांबाला हात लावून नमस्कार करतात. तो तिथे कसा आला यात आपलाही हात आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं होतं.

यावर माझं मागणं साधं आहे. प्रत्येक संग्रहालयाने प्रत्येक पाटीवर एक ओळ वाढवावी : ही वस्तू कुणाकडून, कुठून, कोणत्या साली आणि कशी आली. विकत घेतली, भेट मिळाली, उत्खननात निघाली, की जप्त केली. याला नवी इमारत लागत नाही, परदेशी सल्लागार लागत नाही. नोंदवह्या आहेत, त्या वाचणारी माणसं हवीत. जिल्ह्याजिल्ह्यातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत हे काम द्यावं. एका दालनाच्या नोंदी एका उन्हाळ्यात सहज वाचून होतील. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी त्याच वेळी टिपून घ्याव्यात, कारण राजाच्या नातीला पाहिलेले रत्नागिरीकर काही कायमचे राहणार नाहीत.

वाचकांनीही एक करावं. पुढच्या वेळी कोणत्याही संग्रहालयात गेलात, अजब बंगल्यात, थिबा राजवाड्यात किंवा तुमच्या तालुक्याच्या एका खोलीच्या वस्तुसंग्रहात, तर तिथल्या माणसाला एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून हा दुसरा प्रश्न विचारा. उत्तर लगेच मिळालं नाही तर अभिप्राय वहीत लिहून या. लोक विचारतात हे दिसलं की नोंदवह्या कपाटाबाहेर येतात; माझ्या कामात हे मी होताना पाहिलं आहे.