भिंतीच्या पोटात

माळवदाच्या घराचे शहरातल्या माणसाला फार कौतुक असते. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, असे तो म्हणतो, आणि ते खोटे नाही. लातूरकडचा माणूस मात्र माळवदाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. पावसाळ्यापूर्वी छतावर पांढरी माती टाकायची, म्हणजे गळत नाही, हा आमच्याकडचा पिढ्यांचा शिरस्ता. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली. आधीची उतरवावी असे कुणाच्या मनात आले नाही. खाली दगडी भिंत. बाहेरून दगड, आतून दगड, दिसायला गढीसारखी. पण पोटात चिखल आणि दगडांच्या कपच्या. भिंतीची दोन्ही अंगे एकमेकांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली, ही दोन अंगे सुटली आणि वरचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली.

माझा धंदा संगणकाचा. नांदेडला राहून दोन्हीकडच्या लहान पतसंस्थांचे संगणक सांभाळतो. या धंद्यात भिंती मातीच्या नसतात, पण त्यांनाही पोट असते.

प्रोग्रॅम लिहिणारा सगळे स्वतः लिहितो, अशी बाहेरच्यांची समजूत असते. तसे कुणीच लिहीत नाही. तारीख मांडणे, आकडे छापणे, कुलूप लावणे, या कामांचे तयार तुकडे जगभरच्या हौशी आणि पोटार्थी माणसांनी लिहून फुकट ठेवलेले असतात. ते आणायचे आणि जोडायचे. आणलेल्या तुकड्याने आपल्या सोयीसाठी आणखी दहा आणलेले असतात. यांना लायब्ररी म्हणतात, ते नाव मला कधीच पटले नाही. वाचनालयातले पुस्तक परत करावे लागते. हे कुणी परत करीत नाही, आणि त्याची नवी आवृत्ती निघाली का, हेही पाहत नाही. या उसनवारीला मी नावे ठेवणार नाही. ती नसती तर आमच्यासारख्यांच्या वाट्याला संगणक आलाच नसता.

जुना तुकडा वाईट का, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. लोखंड गंजते तसा प्रोग्रॅम गंजत नाही. छिद्र पहिल्या दिवसापासून असते. एके दिवशी ते कुणाला तरी सापडते आणि दुरुस्ती जाहीर होते. ज्या दिवशी ती जाहीर होते, त्याच दिवशी चोरालाही पत्ता मिळतो! अमेरिकेतल्या एक्विफॅक्स कंपनीचे असेच झाले. स्ट्रट्स नावाच्या तुकड्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये निघाली, ती लावायची राहिली, मे महिन्यात चोर आत आले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती गेली.

पण इतके लांब जायला नको. ३१ जुलै २०२४ रोजी आपल्या देशातल्या सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे एटीएम आणि यूपीआयचे व्यवहार अडले. त्यांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला होता, म्हणून एनपीसीआयने तिला तात्पुरते आपल्या जाळ्यातून तोडले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जोडली गेली. क्लाउडसेक या कंपनीने काढलेला माग असा की छिद्र बँकांत नव्हते. ते सी-एजशी जोडलेल्या आणखी एका कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरवर होते. जेनकिन्स हा प्रोग्रॅमची जुळणी करणारा फुकटचा गडी. आलेला हुकूम वाचण्यासाठी त्याने स्वतःही एक उसना तुकडा घेतलेला. हुकमात ईमेलच्या पत्त्यातले ते ॲटचे चिन्ह आणि पुढे फाइलचे नाव आले, की हा तुकडा ती फाइल उघडून तिचा मजकूर तिथे भरायचा. कुणाचे तरी टंकनाचे श्रम वाचावेत, एवढाच त्यात हेतू! त्या चिन्हाच्या वाटेने परक्याला आतले कागद वाचता येत होते. दुरुस्ती २४ जानेवारीलाच निघाली होती.

त्या आठवड्यात मी लातूरकडच्या एका पतसंस्थेत गेलो. ठेवीदार म्हणजे अडत बाजारातले हमाल, भाजीवाल्या, पानटपरीवाले. रोजची पिग्मी भरणारे. प्रणाली बारा वर्षांची. ती लिहिणारा पुण्याला गेला, तो गेलाच. मी नव्या आवृत्तीचा विषय काढला.

"चालू हाय ना?" चेअरमनसाहेब म्हणाले. "मग चालत्या गाडीला हात कशाला लावता?"

हे म्हणणे मला उडवून लावता येईना. पूर्वी एकदा नवी आवृत्ती बसवली तेव्हा व्याजाचे आकडे दोन दिवस चुकत होते आणि दारात रांग लागली होती. पतसंस्थेला रांग लागणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले त्यालाच कळते. दुरुस्तीचीही भीती असते, आणि ती नेहमी अडाण्याचीच असते असे आम्ही संगणकवाले उगीच समजतो.

मग मी किल्लारीनंतरची गोष्ट काढली. उरलेली घरे सगळीच पाडायची नव्हती. भिंतीला आरपार भोके पाडून त्यांत काँक्रीटचे सांधे घालावेत आणि छतावरची माती कमी करावी, असे इंजिनियर सांगत होते. चेअरमन औसा तालुक्यातले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमच्या या भिंतीत काय काय हाय, त्येची यादी तरी हाय का?"

यादी नव्हती. अशी यादी प्रत्येक प्रणालीबरोबर असावी, म्हणून सर्ट-इन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आमची तोवर सुरूही झाली होती. आतापर्यंत १४३ नावे निघाली. त्यांतली अकरा आम्ही मागितलेली. बाकीची त्यांच्यामागून आलेली. काही तुकड्यांना वर्षानुवर्षे कुणी हात लावलेला नाही. रविवारी कार्यालय बंद असते तेव्हा मी दुसऱ्या संगणकावर मागच्या वर्षाची पिग्मी भरतो, एकेक तुकडा बदलतो आणि व्याज जुन्या वहीशी ताडून पाहतो. मागल्या रविवारी एका खात्यात चाळीस पैशांचा फरक आला. तो कुठून येतो, ते अजून सापडायचे आहे.