९ विजय, ३३ पराभव

खेळांविषयी लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. शाळेत खो-खोच्या मैदानाबाहेर उभे राहून मैत्रिणींची दप्तरे सांभाळण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. तरीही हा लेख एका फुटबॉल संघाविषयी आहे. तोही अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे ज्यात अंडाकृती चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो अशा, आपल्याला सर्वस्वी परक्या असलेल्या खेळाच्या. २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक स्टाफरूममध्ये आले, माझ्यापुढे एक पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हा सिनेमा बघा. तुमच्याच विभागाचा आहे." सिनेमा होता २००६ सालचा 'वुई आर मार्शल'. आमच्या विभागाचा यात काय संबंध, असे मी विचारले नाही. त्या वर्षी मी कुणाला फारसे काही विचारत नव्हते.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आमचे विभागप्रमुख गेले. रात्री जेवून झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. मी त्यांची विद्यार्थिनी, बी. ए.ला त्यांच्यापुढे बसलेली आणि पुढे त्यांच्याच शेजारच्या टेबलावर नोकरीला लागलेली. जूनमध्ये ज्येष्ठतेच्या नियमाने प्रमुखपद माझ्याकडे आले. सरांच्या खुर्चीवर मात्र मी वर्षभर बसले नाही. विभागाच्या कपाटाची किल्ली, हजेरीपट, वाङ्मय मंडळाचे इतिवृत्त हे सारे माझ्या ताब्यात होते; खुर्ची तेवढी तशीच होती. विशेष मराठी घेणाऱ्या मुलांची संख्या सर असतानाच घसरू लागली होती. ती सावरली नाही तर विशेष स्तर चालू ठेवण्याचा विचार करावा लागेल, हे मला पहिल्याच बैठकीत सौम्य शब्दांत सांगण्यात आले.

अशा मनःस्थितीत मी तो चित्रपट पाहिला आणि मग चित्रपटापेक्षा त्यामागच्या हकीकतीतच अधिक गुंतत गेले.

हंटिंग्टन हे अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले ओहायो नदीकाठचे शहर. १८३७ मध्ये अकादमी म्हणून सुरू झालेले आणि १९६१ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळालेले मार्शल विद्यापीठ इथले. त्याच्या फुटबॉल संघाचे नाव 'थंडरिंग हर्ड', म्हणजे गडगडत धावणारा कळप. १४ नोव्हेंबर १९७० रोजी हा संघ नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायनाविरुद्धचा सामना १७-१४ असा हरून विमानाने परतत होता. हंटिंग्टनच्या विमानतळाजवळ पाऊस आणि धुके होते. धावपट्टी गाठण्याआधीच विमान टेकडीच्या झाडांना धडकून कोसळले. आतल्या ७५ जणांपैकी एकही वाचला नाही. ३७ खेळाडू, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली यांच्यासह प्रशिक्षक वर्गातले ८ जण, संघाबरोबर गेलेले २५ चाहते व हितचिंतक आणि विमानाचे ५ कर्मचारी. गावातली ७० मुले आई किंवा वडिलांना मुकली. त्यांतली १८ दोघांनाही. सहा खेळाडूंची ओळखच पटू शकली नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरण्यात आले.

या हकीकतीतला एक तपशील सहसा बाजूला राहतो. जो संघ गेला, तोही काही वैभवाच्या शिखरावरचा संघ नव्हता. १९६९ मध्ये खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांवरून मार्शलला 'मिड-अमेरिकन कॉन्फरन्स'मधून निलंबित करण्यात आले होते आणि त्या पडझडीनंतर संघ हाती घेतलेले नवे प्रशिक्षक म्हणजेच टॉली. म्हणजे जे जळून गेले, तेही एक अर्धे बांधून झालेले घरच होते. हे वाचल्यावर मला सर नव्याने आठवले. त्यांच्या काळाला मी मनातल्या मनात सुवर्णकाळ ठरवून टाकले होते. पण तेही वर्षानुवर्षे पटसंख्येचे कागद घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते आणि सोयीस्करपणे विसरले होते.

अपघातानंतर संघ बंद करावा, असा हंगामी अध्यक्ष डोनाल्ड डेडमन यांचा कल होता. विद्यार्थी, गावकरी आणि दुखापतीमुळे वा अन्य कारणाने विमानात नसलेले मोजके खेळाडू यांच्या आग्रहामुळे तो बदलला. आता नवा प्रशिक्षक हवा. एका गृहस्थांनी पद स्वीकारले आणि काही दिवसांतच सोडले. अखेर १९७१ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या वूस्टर या छोट्याशा महाविद्यालयातून जॅक लेंगिएल आले. गावाशी, मृतांशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांच्या मदतीला राहिले जुने साहाय्यक रेड डॉसन. नव्या खेळाडूंच्या शोधार्थ ते त्या रात्री मोटारीने परतत होते, म्हणून वाचले. डॉसन यांनी १९७१ चा हंगाम कसाबसा पार पाडला आणि प्रशिक्षणाचे काम कायमचे सोडले. ज्याला सगळे आठवत होते तो एक हंगाम टिकला आणि ज्याला आठवण्यासारखे काही नव्हते तो चार हंगाम राहिला, ही गोष्ट मला बराच काळ छळत राहिली.

पण संघ उभा करायचा कुणाच्या बळावर? प्रथम वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघातून खेळण्याची मुभा नसे. मार्शलपुरता हा नियम शिथिल करण्यात आला. उरलेसुरले जुने खेळाडू, आदल्या वर्षी प्रथम वर्षात असल्यामुळे मुख्य संघाबाहेर राहिलेली मुले, इतर खेळांतली मुले आणि नुकतीच शाळा संपवून आलेली पोरे असा तो संघ जमला. त्याला 'यंग थंडरिंग हर्ड' म्हणू लागले.

अशा हलक्या, अननुभवी संघाला झेपेल अशी खेळण्याची पद्धत हवी होती. लेंगिएल यांनी 'व्हीअर' ही पद्धत घेतली. तिच्यात ताकदीपेक्षा क्षणाच्या निर्णयाला महत्त्व असते. समोरचा बचावपटू कोणत्या बाजूला झुकतो हे पाहून चेंडू साथीदाराच्या हाती द्यायचा, स्वतःकडे ठेवायचा की बाजूला फेकायचा, हे क्वार्टरबॅकने धावता धावता ठरवायचे. ही पद्धत शिकण्यासाठी ते शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांच्याकडे गेले आणि बाउडन यांनी आपल्या संघाच्या चित्रफिती व डावपेचांच्या वह्या त्यांच्यापुढे उघडून ठेवल्या. १८ सप्टेंबर १९७१ च्या पहिल्या सामन्यात मोरहेडकडून मार्शल २९-६ असे हरले. आठवड्याने, २५ सप्टेंबरला, घरच्या मैदानावर झेवियर विद्यापीठाशी सामना होता. शेवटच्या क्षणी रेजी ऑलिव्हर याने प्रथम वर्षातल्या टेरी गार्डनर याच्याकडे चेंडू फेकला. गार्डनर तो घेऊन गोलरेषेपार गेला आणि मार्शल १५-१३ असे जिंकले.

त्या प्रथम वर्षाच्या मुलांपाशी मी चित्रपट थांबवला होता. कारण तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी माझ्या हातून एक गोष्ट घडली होती.

सरांनी लावलेले शेवटचे भित्तिपत्रक २७ फेब्रुवारीचे, मराठी भाषा गौरव दिनाचे. ते जिन्याजवळच्या फलकावर तसेच राहिले. मार्च गेला, सुट्टी गेली, जून उजाडला. कागद पिवळा पडला, एक कोपरा सुटून लोंबू लागला. पण काढण्याचे धैर्य कुणाला झाले नाही. ऑगस्टमध्ये प्रथम वर्षाच्या एका मुलीने चार-पाच जणांना जमवून पावसावरच्या कवितांचे भित्तिपत्रक केले आणि मला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून सकाळी लवकर येऊन ते लावलेही. सरांचे भित्तिपत्रक गुंडाळून तिने फलकाखाली ठेवले होते. आल्या आल्या मी ते पाहिले आणि जिन्यात, सगळ्यांदेखत, तिला वाट्टेल ते बोलले. कुणाला विचारून काढलेस? कुणाचे अक्षर आहे ते, ठाऊक आहे का तुला? तिला ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते. तिने सरांना कधी पाहिलेलेच नव्हते. ती "सॉरी मॅडम" म्हणाली आणि आपल्या हातातल्या टाचण्या फलकाच्या कडेला एकेक करून टोचून ठेवत राहिली. पुढच्या वर्षी तिने विशेष विषय म्हणून भूगोल घेतला.

चित्रपट झेवियरवरच्या त्या विजयापाशी येऊन संपतो. पुढचे सारे अखेरच्या काही मिनिटांच्या निवेदनात उरकले जाते. त्यात चित्रपटाचा दोष नाही. कथानकाला शेवट हवा असतो आणि विजयाइतका हाताशी असणारा शेवट दुसरा नाही. आपण साहित्य शिकवणारी माणसेही वर्गात हेच करतो. संघर्ष, उत्कर्षबिंदू, परिणती अशी फळ्यावर रेघ ओढतो. लेंगिएल यांचे आकडे मात्र त्या रेघेवर बसत नाहीत. १९७१ मध्ये २ विजय, ८ पराभव. १९७२ मध्ये पुन्हा तेच. १९७३ मध्ये ४ आणि ७. १९७४ मध्ये १ आणि १०. चार हंगामांत एकूण ९ विजय व ३३ पराभव. त्यानंतर ते गेले. त्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा हंगाम हाच सर्वांत वाईट ठरला. विजयांची संख्या पराभवांहून जास्त असलेला हंगाम मार्शलला १९८४ मध्ये पाहायला मिळाला. १९९२ आणि १९९६ मध्ये हा संघ आपल्या विभागाचा राष्ट्रीय विजेता ठरला आणि १९९९ चा हंगाम त्याने १३ पैकी १३ सामने जिंकून संपवला. तरीही हंटिंग्टनमध्ये लेंगिएल यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

ते का, याचा विचार मी या आठ वर्षांत अनेकदा केला. पुनर्बांधणी या शब्दाचा आपण यश असा अर्थ लावतो, इथेच गफलत होते. लेंगिएल यांनी संघ जिंकता केला नाही. त्यांनी शनिवारी मैदान रिकामे राहू दिले नाही. १९७१ ते १९७४ या काळात तिथे कुणीतरी खेळत होते, हरत होते, पुन्हा येत होते, म्हणून १९८४ उगवू शकले. आणि त्यासाठी त्यांनी अशी मुले घेतली, ज्यांना गेलेल्यांची जागा भरून काढायची नव्हती, फक्त खेळायचे होते. विद्यापीठाच्या आवारात हॅरी बर्टोइया या शिल्पकाराने घडवलेले स्मृतिकारंजे १९७२ पासून आहे. दर १४ नोव्हेंबरला मृतांची नावे वाचतात, कारंजे बंद करतात आणि वसंतात ते पुन्हा सुरू होते. स्मरणासाठी एक जागा आणि एक दिवस राखलेला आहे. मैदान खेळणाऱ्यांसाठी मोकळे ठेवले आहे. मी मात्र फलकालाच स्मारक करून बसले होते.

माझे आकडेही सांगायला हवेत. प्रमुख झाले तेव्हा तृतीय वर्ष विशेष मराठीत १९ मुले होती. नंतर १४, ११, मग करोनाची दोन वर्षे, ज्यांत मोजण्यालाच अर्थ नव्हता. त्यानंतर ९, एकदा १३, आणि यंदा ८. विभाग सुरू आहे; पण मी तो वाढवला असे म्हणता येणार नाही. शिक्षकांची एक जागा रिक्तच राहिली, तिचे तास तासिका तत्त्वावरचे एक तरुण सर घेतात. त्यांनीही सरांना पाहिलेले नाही. ते चांगले शिकवतात. ती मुलगी गेल्या वर्षी बसस्थानकावर भेटली. कडेवर मूल होते. मला ओळखून हसली. जिन्यातल्या त्या सकाळबद्दल बोलावे असे ओठांवर आले होते. तेवढ्यात तिची गाडी लागली.

सरांचे भित्तिपत्रक कपाटाच्या वरच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलेले आहे. मार्चमधल्या त्यांच्या दिवशी मी ते उघडते. एका मुलाच्या कवितेतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांनी लावून झाल्यावर लाल पेन्सिलीने सुधारलेली आहे, ती पाहते आणि परत ठेवते. खुर्ची आता मी वापरते. तिचा एक हात डुगडुगतो.

या जुलैत प्रथम वर्षाची दोन मुले दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, फलकावरचं जुनं काढू का?" जुने म्हणजे मागच्या वर्षीचे, माझ्याच देखरेखीखाली झालेले. काढा म्हटले, टाचण्यांची डबी त्यांच्या हाती दिली आणि काय लावताहेत ते पाहायला न जाता स्टाफरूममध्येच बसून राहिले.