फियाटमधली कामवाटणी

आमच्या पिढीतल्या बहुतेकांना गाडी आठवते ती मागच्या सीटवरून, तीही कुणाच्या तरी मांडीवर बसून. फियाटची पुढची सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे काका आणि आजोबांच्या मध्ये एक पोर हमखास कोंबलं जायचं. मागे आजी, आई, काकू, आत्या आणि उरलेली सगळी भावंडं. एवढं करून निघताना शेजारचे कुणी "स्टेशनपर्यंत सोडता का?" म्हणाले की आजीच आतून सांगायची, "या, या, जागा आहे."

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची. सत्तरच्या दशकात तिचं बारसं करून 'पद्मिनी' हे नाव ठेवलं, पण ते नाव कागदोपत्री राहिलं. घरात ती फियाटच. तिच्याही आधीची पन्नासच्या दशकातली, फुगीर नाकाडाची, ती डुक्कर फियाट. हे नाव मालकासमोरही बिनदिक्कत घेतलं जायचं आणि मालकही रागवायचा नाही. गाडी आहे हेच पुष्कळ होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि गाडी आली की चाकाखाली लिंबं ठेवून, नारळ फोडून अख्ख्या वाड्याला एक चक्कर.

स्टिअरिंगवर काका असले तरी गाडी चालवायचं काम सगळ्यांना वाटून दिलेलं होतं. आत्याकडे डावीकडचं दार. त्याची कडी सैल झाली होती, म्हणून उजवं वळण आलं की गप्पा न थांबवता तिनं ते आतून घट्ट धरायचं. आईकडे पाण्याचा कॅन आणि ओलं फडकं. आमच्याकडे दगड: चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागे लावायचा. आजोबांकडे मागून येणाऱ्या ट्रकची खबर, कारण आरशात आमचीच डोकी दिसायची. आजीकडे रामरक्षा.

चालू करण्याचा सोहळा वेगळाच. चोक ओढायचा, जरा थांबायचं, किल्ली फिरवायची, पुन्हा थांबायचं. नाहीच ऐकलं तर धक्का. म्हणून काका गाडी नेहमी उतारावर लावायचे आणि बिनउताराच्या गावी जायला नाराज असायचे. एकदा दिवाळसणाला आलेल्या नव्या जावयाला, म्हणजे आत्याच्या यजमानांना, धक्का मारायची वेळ आली. अंगात कोरा सफारी. तिसऱ्या हिसक्याला गाडी लागली, पण आता थांबवली तर पुन्हा बंद पडेल या भीतीनं काकांनी थांबवलीच नाही. चौकाला वळसा घालून आले, हळू केली, हात बाहेर काढून "या! या!" केलं, पण जावईबापू पोचेपर्यंत इंजिन आचके देऊ लागलं म्हणून पुन्हा पुढे. दुसऱ्या फेरीला वाड्यातली मंडळी गॅलरीत जमली. तिसऱ्या फेरीला त्यांनी चालत्या गाडीचं दार पकडलं (तेच, सैल कडीचं), आणि आत्यानं त्यांना दंडाला धरून आत ओढलं. लग्नात घास भरवतानासुद्धा इतक्या हक्कानं तिनं त्यांना हात लावला नसेल, असं आजी पुढे कित्येक वर्षं सांगायची.

किल्लीची गोष्ट तर फियाट असलेल्या प्रत्येक घरात थोड्याफार फरकानं ऐकू येते. जुन्या गाड्यांची कुलपं इतकी झिजायची की भलत्याच किल्लीनं दार उघडायचं, आणि कधी गाडीही चालू व्हायची. रंगही मोजकेच. पुण्यातल्या एका मंगल कार्यालयातून जेवून निघाल्यावर काकांनी बाहेरची क्रीम रंगाची फियाट उघडली, सगळ्यांना बसवलं आणि पहिल्याच किल्लीत चालू केली. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती. काकांना वाटलं, पंगतीतल्या जिलेबीचा परिणाम. लकडी पुलापाशी काकू म्हणाली, "अहो, आपला गणपती कुठं गेला?" डॅशबोर्डवर गणपतीच्या जागी बालाजी होता. काकांचं पहिलं अनुमान असं, की कुणीतरी गणपती चोरला आणि पापाची भीती वाटून बदली देव ठेवला. मग आत्यानं दार धरायला हात टाकला, तर कडी धडधाकट. तेव्हा कुठं सगळ्यांना पटलं की ही गाडी आपली नाही.

परत गेलो तर कार्यालयाच्या दारात एक गृहस्थ आमच्या गाडीचं बॉनेट उघडून घामाघूम उभे. त्यांच्याही किल्लीनं आमची गाडी उघडली होती, पण चालू करणं त्यांना जमेना. "आज हिला काय झालंय कोण जाणे," असं ते आम्हालाच सांगू लागले. काकांनी खुलासा केला, चोक किती ओढून कुठं सोडायचा ते दाखवलं, आणि दोन्ही कुटुंबं पुन्हा आत जाऊन कॉफी प्यायली. वधूपक्षाला वाटलं ही वरपक्षाची माणसं, वरपक्षाला वाटलं वधूकडची.

लांबच्या प्रवासाला काका ड्रायव्हर सांगायचे. बहुतेक वेळा एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर यायचे. १९४८ साली पुणे–नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली, त्यानंतर महाराष्ट्रातले कित्येक पट्टीचे ड्रायव्हर त्याच शाळेत तयार झाले. हात पक्का, पण लांबी मनात बसलेली बसची. वळण घेताना रस्त्याचा पलीकडचा काठ गाठून यायचे. कोकणात जाताना एकदा त्यांनी कुणाला काही न विचारता फियाट सरळ महाड स्टँडात घातली, फलाटाला तोंड करून लावली, "दहा मिनिटं," म्हणाले आणि कँटीनकडे गेले. मागोमाग बोचकं घेतलेल्या एका म्हातारीनं दार उघडून विचारलं, "पोलादपूर घेणार का?" आजीनं आम्हाला सरकायला सांगितलं. म्हातारी पोलादपूरला उतरली आणि चोळीतून पैसे काढून ड्रायव्हरना देऊ लागली. ते मान न वळवता म्हणाले, "कंडक्टर नाही आज."

आणि बोरघाट. पुण्याकडे येताना खोपोली सोडली की गाडीतली बोलणी आपोआप बंद व्हायची. पहिला-दुसरा गिअर, ऊन, वर नऊ माणसं आणि डबे. कुठंतरी अर्ध्यात इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. याचं कारण आम्हाला शाळेतल्या विज्ञानाच्या आधी काकांकडून कळलं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला. इंजिन तापलं की पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ओढायला केलेल्या पंपाला वाफ ओढता येत नाही. टाकीत पेट्रोल असून गाडी उपाशी. मग आईचं ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, त्यावर थेंब थेंब पाणी सोडत राहायचं. फडक्यातून आधी चर्र आवाज आणि वाफ, मग नुसती वाफ, मग काही नाही. तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद. डबे उघडायचे, घाटात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची. येणारा-जाणारा प्रत्येक जण वेग कमी करून विचारायचा, "पाणी आहे का?" त्या गाड्या फार चांगल्या होत्या असं हल्ली कुणी म्हणालं की मला ते फडकं आठवतं. चांगल्या नव्हत्या. माणसांना थांबायला भाग पाडायच्या, एवढं खरं.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडेही ती आली. ७९६ सीसीचं इवलंसं इंजिन, आवाज जवळजवळ नाहीच. गाडी चालू असताना काका पुन्हा किल्ली फिरवायचे आणि स्टार्टर किंचाळायचा. फियाटचं दार आपटल्याशिवाय लागत नसे, त्या सवयीनं पाहुणे मारुतीचंही दार दणकन लावायचे आणि काकांच्या पोटात कालवाकालव व्हायची. आत्याच्या हाताला काम उरलं नाही, तरी वळणावर तो दाराकडे जायचाच.

पहिल्यांदा घाट चढताना गाडी कुठंही न थांबता शिंग्रोबाच्या देवळापर्यंत आली. काकांनी रिवाजाप्रमाणे खिडकीतून नाणं टाकलं आणि पुढे निघाले, तशी आजी कडाडली, "अरे, तिला जरा विसावा दे! आणि आम्ही दशम्या खायच्या कुठं?" काकांनी गाडी बाजूला घेतली. काय करावं न सुचून बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. ओळखीचं काहीच सापडेना. पाचच मिनिटांत एक फियाट थांबली, आतले गृहस्थ कॅन आणि फडकं घेऊनच उतरले, आणि गाडी बिघडलेली नाही हे त्यांना पटवताना काकांना जो घाम फुटला तो फियाटनंही कधी फोडला नव्हता. शेवटी ते गृहस्थ कॅन रस्त्यावर ठेवून म्हणाले, "राहू द्या हो, लागेल पुढे."