ओटीपी सांगा, अण्णा

जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली की घरच्यांना फार समजावून सांगावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथं महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग इतक्या कंपन्या उभ्या राहिल्या की कुठल्याही गल्लीत एखादा पोरगा ‘फिल्डवर’ असतोच. मीही त्यातलाच. एका मध्यम कंपनीचा विक्री प्रतिनिधी. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे माझे तालुके.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला लवकर ध्यानात येत नाही. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. 2024 च्या खरिपात ती 864 रुपये होती, 2025 मध्ये 901 झाली. सगळ्या कंपन्यांची पाकिटं त्याच आकड्याखाली. किमतीत ओढाताण करायला जागा थोडी, मग लढाई होते ती वाणाच्या नावावर. जून उजाडायच्या आत ते नाव शेतकऱ्याच्या तोंडी बसलं पाहिजे. म्हणून या धंद्यात प्रचारावर जेवढं डोकं चालतं तेवढं क्वचित दुसरीकडे चालत असेल.

मी लागलो तेव्हा हा प्रचार पायांनी व्हायचा. एसटी स्टँडसमोरच्या भिंती रंगवायच्या, आठवडी बाजारात जीपवर भोंगा लावायचा, आणि दिवाळीच्या आसपास डेमो प्लॉटवर शिवारफेरी काढायची. शिवारफेरीला आलेला शेतकरी आमच्या पोस्टरकडे बघतसुद्धा नसे. तो सरळ तासात घुसायचा, एका झाडाची बोंडं बोटावर मोजायचा, फुटलेल्या बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढून बघायचा आणि मग प्लॉटवाल्याला विचारायचा, “पाणी किती दिलं? खरं सांग.” कंपनीच्या माणसाला विचारायचा नाही. आमचं काम चहा-पोहे वाटायचं आणि डायरीत लिहायचं: नाव, एकर, विहीर की जायकवाडीचा डावा कालवा, मागच्या साली कोणतं वाण.

म्हणजे माहिती तेव्हाही आम्ही गोळा करत होतो. ती लिहिताना शेतकरी समोर उभा असायचा, आणि मी कुठल्या गावचा, कुणाचा पाहुणा, हे त्यालाही ठाऊक असायचं. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलं नाही. प्रकरण इतकं वाढलं की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यांत माझे फोन आणि दुकानदारांच्या पायऱ्या दोन्ही भरून गेल्या होत्या. लोक पिशवी, टॅग आणि बिल घेऊन यायचे, वाट्टेल ते बोलायचे, आणि मला त्यांच्याबरोबर रानात जाऊन उकरलेल्या सरीत सडलेला दाणा बघावा लागायचा. बोलून घ्यायला एक माणूस होता, एवढं त्यांच्या हातात होतं.

फोनमुळं बदल झाला, पण एकदम नाही. 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, दोन-तीन हंगामांत गावागावांचे व्हॉट्सअॅप ग्रुप झाले. आधी आम्हाला ती मजाच वाटली. एका प्लॉटचा फोटो टाकला की तिन्ही तालुक्यांत पोचायचा, भोंग्याचं डिझेल वाचायचं. मग कंपनीनं अॅप आणलं. डायरी बंद. आता शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून लोकेशन पकडायचं, फोटो काढायचा, आणि खाली भरायचं: एकूण क्षेत्र, ओलिताचं साधन, ठिबक आहे का, दुसरी पिकं कोणती, फोन साधा की अँड्रॉइड, खरेदीचा निर्णय घरात कोण घेतं. हा शेवटचा रकाना ज्यानं तयार केला त्यानं एकदा कुंभार पिंपळगावच्या बाजारात येऊन नवरा-बायको बियाणं घेताना बघावेत. कसला तरी पर्याय निवडून पुढं जावं लागतं.

सगळ्यात अवघड शेवटची पायरी. नंबर खरा आहे हे दाखवायला शेतकऱ्याच्या फोनवर ओटीपी जातो, तो विचारून अॅपमध्ये टाकला तरच नोंद धरली जाते. घनसावंगी तालुक्यातल्या एका अण्णांना मी म्हणालो, “अण्णा, आता एक नंबर आला असेल, तेवढा सांगा.” अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन छातीशी धरला. “साहेब, बँकवाले सांगायलेत, टीव्हीवर सांगायलेत, ओटीपी कुणालाच देऊ नका. अन् तुम्ही रानात येऊन मागायलेत.” त्यांचा नातू हसला. मी म्हणालो, हा बँकेचा नाही, आपल्या कंपनीचा आहे. अण्णा म्हणाले, “तो फसवणारा बी असंच म्हणतो.” याला उत्तर नव्हतं. ओटीपी त्यांनी दिला, पण तो अॅपवर विश्वास ठेवून नव्हे. माझ्या सासऱ्यांना ते ओळखतात म्हणून दिला.

पुढं या नंबरांचं काय होतं, हे मला जालन्याच्या ऑफिसात एका तरुण सहकाऱ्यानं स्क्रीनवर दाखवलं. नंबरांची यादी फेसबुकच्या जाहिरात विभागात चढवायची. तिथं ते नंबर सांकेतिक रूपात बदलून फेसबुककडच्या खात्यांशी जुळवले जातात, आणि जुळलेल्या माणसांच्या फोनवर आपली जाहिरात दिसते. एवढ्यावर थांबत नाही. याच लोकांसारखे दिसणारे, म्हणजे तसलेच व्हिडिओ बघणारे, तशाच पानांवर रेंगाळणारे आणखी लोक शोधून दे, असंही सांगता येतं. पिनकोड टाकून नेम धरता येतो. मी आयुष्यभर जी शिवारं चालून पालथी घातली ती त्यानं चहा संपायच्या आत नकाशावर रंगवली. मला त्या पोराचं कौतुकच वाटलं. आमचा विक्रीचा आकडाही त्या हंगामात चांगला आला, हेही सांगितलं पाहिजे.

पण नंतर अण्णांचाच फोन आला. कुणा एका खताच्या कंपनीची मुलगी त्यांना म्हणाली होती, तुमच्या अडीच एकर मोसंबीला फळगळ असेल तर आमचं औषध वापरा. मोसंबी अडीच एकर होती आणि गळही खरोखर चालू होती. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, जिल्ह्यात बागा पुष्कळ, तेव्हा गळीचा अंदाज कुणीही बांधेल. पण अडीच एकर? “तुम्ही दिलं का?” असं अण्णांनी सरळ विचारलं. आमच्या यादीतून गेलं नव्हतं, एवढं मी तपासून सांगू शकलो. मेळाव्याच्या हजेरीपटावरून, दुकानाच्या बिलावरून, की ठिबकच्या फॉर्मवरून, कुठून गेलं ते कळलं नाही, आणि कळायला काही वाटही नव्हती.

यावर आमच्या ऑफिसात एक ठरलेलं उत्तर असतं: गावात कसली आलीय प्रायव्हसी? सातबारा कुणीही बघू शकतो, चावडीवर वाचन होतं, कुणाच्या बोअरला किती पाणी लागलं ते संध्याकाळपर्यंत वेशीत पोचतं. हे सगळं खरं आहे आणि तरी उत्तर चुकीचं आहे. गावाला अण्णांचं जे माहीत आहे ते गावात राहून माहीत आहे. अण्णांनाही गावाचं तेवढंच माहीत असतं. फोनवरच्या त्या मुलीचं नाव खरं होतं का, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. आणि सातबाऱ्यावर फळगळ लिहिलेली नसते.

याच यादीच्या धंद्याची दुसरी बाजू गावाच्या ग्रुपवर दिसते. ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल येते, हप्ता अडकला आहे, इथं दाबा. दाबलं की फोनवर येणारे मेसेज दुसऱ्याच्या हातात जातात, पाठोपाठ खातं रिकामं. राज्यात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू झाला, आधार आणि सातबारा जोडायला सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. तेव्हा ‘तुमची केवायसी राहिली’ या वाक्याला भुलणं सोपं झालं. मी आता मेळाव्यात वाणाची माहिती द्यायच्या आधी 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर सांगतो. एरिया मॅनेजरला ते वेळ घालवणं वाटतं.

कायदा नाही असं नाही. पुट्टस्वामी खटल्यात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले. ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कायद्यातली मला आवडलेली तरतूद अशी की माहिती कशाला घेताय ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीतही. आमच्या अॅपमधली संमतीची ओळ इंग्रजीत आहे, आणि तिच्यापुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते.

लोकांनी आपापली सोय लावली आहे, तीही अशी की आमचे तरुण सहकारी चक्रावतात. कित्येकांकडे दोन फोन. बँक आणि आधार बटणाच्या फोनवर, त्यावर इंटरनेट नाहीच. स्मार्टफोनचा नंबर कंपन्यांना, दुकानाच्या बिलाला, मेळाव्याच्या हजेरीला. एका बहाद्दरानं मला मुलाचा पुण्यातला नंबर दिला होता. गेलं वर्षभर आम्ही हिंजवडीत राहणाऱ्या त्या पोराला बोंडअळीचे इशारे पाठवत होतो.

यंदा मार्चमध्ये तीर्थपुरीजवळच्या एका बैठकीत मी नोंदणी सुरू केली, तेव्हा मागून एका बाईंनी विचारलं, “दादा, नाव घालायचं कळलं. काढायचं कसं?” बाई एकट्या शेती बघतात, आणि नोंद झाल्यापासून त्यांना रात्री-अपरात्रीही फोन येतात असं त्यांनी सांगितलं. नवीन कायदा माहिती पुसून टाकायला सांगायचा हक्क देतो, हे मी वाचलं होतं. अॅपमध्ये तसं बटण नव्हतं. मी कंपनीचा टोल-फ्री नंबर काढला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर लावला. शेतकरी बंधूंचं स्वागत झालं, मराठीसाठी दोन दाबलं, आणि पलीकडून टेप म्हणाली, “कृपया आपला दहा अंकी मोबाईल नंबर टाका.”

बैठक हसण्यातच मोडली. बाईंचा नंबर मी कागदावर लिहून घेतला आणि यादीतून काढा म्हणून जालन्याला मेल केला. अजून उत्तर नाही. पुन्हा पाठवला आहे.